जॅमसाठी स्ट्रॉबेरी की करवंदं?

मुलांना घेऊन फळं तोडायची आणि घरी जॅम करायचा, तर स्ट्रॉबेरीसाठी महाबळेश्वर गाठावं की करवंदांसाठी बेळगावजवळचं जांबोटी?

स्ट्रॉबेरीसाठी बेळगावहून अडीचशे किलोमीटरच्या वर, म्हणजे मुक्कामाचा खर्च आलाच. फळ नाजूक, उथळ ट्रेमध्येच आणा. जॅम घट्ट करणारं पेक्टिन कमी, म्हणून किलोला ७०० ग्रॅम साखर आणि दोन लिंबं हवीतच, नाहीतर जॅम पातळ राहतो. जॅम शिजल्याची खूण म्हणून सांगतात त्या १०५ अंश सेल्सिअसची वाट मात्र पाहू नका: बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथे पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून १०२ लाच जॅम होतो.

करवंदं एप्रिल-मेमध्ये, एका दिवसात जाऊन येता येतं. जाळीला काटे, फळाला चीक. हातांना खोबरेल लावा. गर गाळून बिया काढायला वेळ जातो, पण थोडी लालसर करवंदं मिसळली की लिंबाशिवाय घट्ट होतो.

अगदी लहान मुलं असतील तर स्ट्रॉबेरी. खर्च कमी आणि आंबटगोड चव हवी, तर करवंदं.