कॉपला जायचं, पण कुठल्या बिल्ल्यावर?

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत, म्हणजे ‘कॉप’मध्ये, नुसत्या हौसेवर आत जाता येत नाही. ब्लू झोनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वाटाघाटी चालतात त्या भागाच्या, दारात बिल्ला लागतो, आणि छोट्या तरुण माध्यमगटाला तो मिळण्याचे खरे मार्ग दोनच. वार्ताहर म्हणून स्वतः नोंदणी करायची, नाहीतर एखाद्या निरीक्षक संस्थेशी, म्हणजे परिषदेला हजर राहण्याची मान्यता असलेल्या बिगरसरकारी संस्थेशी, हातमिळवणी करून तिच्या कोट्यातून जायचं. तिसरा पर्याय घरी बसून वार्तांकन करण्याचा. तो बहुतेकांना कमीपणाचा वाटतो. मला वाटत नाही. ३१वी कॉप नोव्हेंबर २०२६ मध्ये तुर्कीतल्या अंताल्याला ठरली आहे. कॉलेजचं नियतकालिक, यूट्यूब चॅनल किंवा पॉडकास्ट चालवणाऱ्यांनी तिकिटांचे दर बघण्याआधी हे ठरवावं, कारण एका बिल्ल्याला उघडणारी दारं दुसऱ्याला बंद असतात.

वार्ताहराचा बिल्ला फुकट असतो. वय अठरा पूर्ण हवं, संपादकाचं नेमणूकपत्र हवं, आधी प्रसिद्ध झालेलं काम दाखवावं लागतं. ग्यानबाची मेख अशी की स्वयंसेवी संस्थांची मुखपत्रं आणि प्रचाराची प्रकाशनं इथे माध्यम म्हणून धरली जात नाहीत. तुमचं चॅनल एखाद्या संस्थेच्या नावानं चालत असेल तर अर्ज तिथेच अडकेल. आत गेल्यावर प्लेनरी (सगळ्या देशांची खुली सभा), पत्रकार परिषदा, माध्यम केंद्र आणि कॉरिडॉर तुमचे. वाटाघाटींच्या खोल्या मात्र नाहीत.

निरीक्षकाचं नेमकं उलट. १९९८ पासूनचा नियम आहे की संपर्कगटाच्या, म्हणजे एकेका विषयावर वाटाघाटी करणाऱ्या गटाच्या, बैठकीत निरीक्षकांना बसू देता येतं. हजर देशांपैकी एक तृतीयांशांनी हरकत घेतली तर बाहेर. अनौपचारिक चर्चांपैकी निदान पहिली आणि शेवटची बैठक त्यांना खुली असावी, असं २०११ मध्ये ठरलं. कुठला देश मसुद्यातल्या कुठल्या कंसाला (वादातला मजकूर कंसात ठेवतात) चिकटून बसलाय, हे तिथे प्रत्यक्ष ऐकू येतं. पण रेकॉर्डिंगला बंदी, आणि कोण काय बोललं ते देशाचं नाव घेऊन बाहेर सांगायचं नाही हा संकेत. बातमीदारासाठी म्हणजे ताट समोर आणि हात बांधलेले. शिवाय गर्दी झाली की कात्री लागते ती आधी याच बिल्ल्याला. २००९ मध्ये कोपनहेगनला कॉप भरली त्या बेला सेंटरची क्षमता १५ हजारांची आणि नोंदणी ४० हजारांच्या वर; शेवटच्या दिवसांत स्वयंसेवी संस्थांच्या हजारो प्रतिनिधींना आत येऊ दिलं नाही.

तरुणांचा स्वतःचा गट आहे, यंगो. त्याला २००९ मध्ये तात्पुरती आणि २०११ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. उद्योग, कामगार संघटना, आदिवासी समूह, शेतकरी वगैरे धरून जे नऊ मान्य गट आहेत त्यांतला हा एक. जगाच्या उत्तरेतून एक आणि दक्षिणेतून एक असे दोन समन्वयक असतात, विषयवार कार्यगट असतात, प्लेनरीत दोनेक मिनिटांचं निवेदन करायला मिळतं (बहुधा सगळे देश बोलून दमल्यावर). कॉपच्या आधी तरुणांची परिषद भरते. ही प्रथा २००५ च्या माँट्रियलपासूनची. पण यंगोचं सदस्य झालं म्हणजे कॉपचा बिल्ला मिळाला, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. बिल्ले मान्यताप्राप्त संस्थांच्या नावावर निघतात, कोटा तोकडा असतो, आणि एकच जागा पहिल्या आठवड्यात एकाला, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याला अशी वाटून घ्यावी लागते. यंगोत जरूर जा, पण शिकायला.

आता खरा पेच. संस्था बिल्ला देते, कधी विमानाचं भाडंही देते. बदल्यात तिला काय हवं असतं? कोणी तोंडानं सांगत नाही, पण तिची मोहीम तुमच्या कॅमेऱ्यातून जावी ही अपेक्षा असतेच. क्लायमेट अॅक्शन नेटवर्क हे पर्यावरण संस्थांचं जागतिक जाळं १९९९ पासून ‘फॉसिल ऑफ द डे’ हा चेष्टेचा पुरस्कार वाटाघाटीत खोडा घालणाऱ्या देशांना देतं. वेशभूषा, संगीत, हशा. व्हिडिओला याहून सोपा माल नाही. रोज तेवढंच दाखवत राहिलात तर तुम्ही त्या मोहिमेचं प्रसिद्धीखातं झालात. मोहीम वाईट आहे असं नाही, पण दिवसाचा खलनायक तुमच्या वतीनं दुसऱ्यानं निवडलेला असतो.

याची किंमत ग्लासगोच्या कॉपला दिसली. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी शेवटच्या प्लेनरीत भारताच्या आग्रहावरून कोळसा ‘बंद’ करण्याऐवजी ‘कमी’ करण्याची भाषा आली आणि पाश्चात्त्य माध्यमांत भारतावर खापर फुटलं. तीच सौम्य भाषा तीन दिवस आधी, १० तारखेच्या अमेरिका-चीन संयुक्त घोषणापत्रात होती. एकट्या कोळशावर रोख आणि तेल-वायूला मोकळीक का, असा सवाल दक्षिणेकडच्या अनेक संघटनांनी केला. पुढच्याच वर्षी शर्म अल-शेखला सगळीच जीवाश्म इंधनं कमी करण्याचा प्रस्ताव भारतानं मांडला. भारताची बाजू खरी मानायची की सोयीची, ते वाचक ठरवील. पण चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या टापूत हे सांगायचं तर दोन्ही अंगं मांडावी लागतात, आणि एकाच संस्थेच्या पत्रकावर विसंबून ते होत नाही.

प्रचारच करायचा असेल तर हा पेचच उरत नाही. वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात २०१९ साली कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी सुरू केलेली मोहीम पाहा. त्यांनी आपल्या सरकारला आणि जगभरच्या संघटनांना सोबत घेतलं, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव झाला, आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं देशांच्या हवामानविषयक जबाबदाऱ्यांवर सल्लागार मत दिलं. ते पत्रकार असल्याचा आव आणत नव्हते, हीच त्यांची ताकद. तुमचा गट असा असेल तर निरीक्षक संस्था गाठा, बिनधास्त.

बातमीदारी करायची असेल तर पैशाचा बरा मार्ग फेलोशिपचा. २००७ मध्ये सुरू झालेली क्लायमेट चेंज मीडिया पार्टनरशिप विकसनशील देशांतल्या पत्रकारांना कॉपला नेते, खर्च करते, सोबत अनुभवी मार्गदर्शक देते. बातम्या तुम्ही स्वतःच्या माध्यमासाठी लिहायच्या. जागा थोड्या, स्पर्धा जबर.

आणि घरचं वार्तांकन. प्लेनरी आणि पत्रकार परिषदा वेबकास्टवर दिसतात. अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन १९९२ पासून रोजचा तटस्थ गोषवारा देतं. थर्ड वर्ल्ड नेटवर्कची टिपणं विकसनशील देशांच्या बाजूनं लिहिलेली असतात. ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली की दोहोंतल्या फरकातच बातमी सापडते. २०२४ मध्ये बाकूच्या कॉपला विकसनशील देशांसाठीच्या हवामान निधीचं २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं उद्दिष्ट हातोडा आपटून मंजूर झालं आणि भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्याला दृष्टिभ्रम म्हटलं, ते घरबसल्याही दिसत होतं. तो आकडा ज्या बंद खोल्यांत ठरला तिथे ना वार्ताहर होते, ना निरीक्षक.

म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्या मराठी गटाला माझा सल्ला: कॉप सोडा, जूनमधली बॉनची (जर्मनी) बैठक धरा; कॉपच्या आधीच्या वाटाघाटी तिथे होतात. वाटाघाटी करणारे बरेचसे तेच, गर्दी फार कमी, अधिकाऱ्याला गाठून दोन प्रश्न विचारता येतात. २०२५ च्या कॉपला बेलेंत खोल्यांचे भाव इतके चढले होते की ब्राझीलला समुद्रपर्यटनाची जहाजं बंदरात उभी करावी लागली. बॉनला ती वेळ येत नाही. शेंगेन व्हिसाची कटकट आहे, बिल्ला मिळाला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही, तेव्हा कागद लवकर टाका. संस्थेकडून तज्ज्ञ घ्या, कागदपत्रं समजावून घ्या, गावातले संपर्क घ्या. भाडं घ्यावंच लागलं तर तीन गोष्टी लेखी हव्यात: प्रसिद्धीआधी मजकूर दाखवला जाणार नाही, पैसे कोणी दिले ते प्रत्येक बातमीखाली छापलं जाईल, आणि त्या संस्थेवर टीका करणाऱ्याचीही मुलाखत घेता येईल. तिसऱ्या अटीवर जी संस्था अडखळते, तिचा बिल्ला नको.