ऑर्किड की गूगल स्कॉलर?

पीएचडीला लागलेल्या भाचीचा प्रश्न: आधी कुठे खातं काढू, संशोधकाला कायमचा ओळख क्रमांक देणाऱ्या ऑर्किडवर (ORCID) की संशोधन पेपर शोधून देणाऱ्या गूगल स्कॉलरवर? पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. मेहनत स्कॉलरवर कमी. पेपर तो स्वतःच शोधून आणतो. पण तुम्ही ‘एस. पाटील’ असाल तर भलत्याच पाटलांचे पेपरही तुमच्या नावावर चढतात, मग ते काढत बसा. २०१२ साली सुरू झालेल्या ऑर्किडचा १६ अंकी क्रमांक मात्र लग्नानंतर आडनाव बदललं, विद्यापीठ सुटलं तरी तोच राहतो. कोणती नोंद कुणाला दिसावी, हेही आपल्या हातात. फक्त त्यात खासगी ईमेल आधीच जोडून ठेवा. कॉलेजचा बंद झाला की पासवर्ड बदलायचीही पंचाईत. सायटेशनचा आकडा, म्हणजे आपल्या पेपरचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला ते, दाखवायचा असेल तर स्कॉलर. आडनाव सर्रास आढळणारं किंवा नोकरी कंत्राटी असेल, तर आधी ऑर्किड.