पाचशेच्या आतला डिजिटल काटा: वजन उतरवताना किती खायचं हे ठरवायला कितपत कामाचा?

तालुक्याच्या भांड्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन तीनशे ते पाचशे रुपयांत पांढऱ्या प्लास्टिकचा एक काटा मिळतो. खोक्यावर बहुधा ‘एसएफ-४००’ असं छापलेलं असतं. बनवणारा कोण, याला फार अर्थ नाही. एकाच साच्याचे काटे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. क्षमता १० किलो, वाचन १ ग्रॅमपर्यंत, आत दोन पेन्सिल सेल. ज्याला वजन उतरवायचं आहे आणि ज्यानं त्याच वेळी गावच्या व्यायामशाळेत डंबेल-बारबेल उचलायला नुकतीच सुरुवात केली आहे, त्यानं प्रोटीनचा डबा घेण्याआधी हा काटा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नुसतं वजन उतरवायचं असेल तर जेवण अर्धं केलं तरी काही दिवस भागतं. वजनं उचलणाऱ्याचं तसं भागत नाही. कॅलरी फार कापल्या तर चरबीबरोबर स्नायूही जातो, बारवर आठवड्यागणिक वाढायला हवं ते वजन अडतं आणि रात्री भुकेनं झोप मोडते. तूट, म्हणजे गरजेपेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी, कमीच पडली तर कंबर जागची हलत नाही. या दोन्हींमधली जागा दिवसाला ३०० ते ५०० कॅलरींची आहे. एवढी चूक तर एका पळीभर तेलात होते. म्हणून इथे अंदाज चालत नाही.

आधी आपला आकडा काढा. किलोतल्या वजनाला १० नं गुणा, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ नं, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुषांनी ५ मिळवायचे, बायांनी १६१ वजा करायचे. हे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र. यातून निजून राहिलं तरी शरीराला लागणारी ऊर्जा कळते. बैठं काम आणि आठवड्याला तीन दिवस व्यायाम असेल तर तिला १.४ नं गुणा. कृषी केंद्र चालवणारा ३५ वर्षांचा, १७० सेंटिमीटर उंचीचा, ८२ किलोचा माणूस धरला तर १,७१२ गुणिले १.४, म्हणजे सुमारे २,४०० कॅलरी. त्यातून ४०० कापल्या की २,००० उरतात. घरकाम करणारी ३८ वर्षांची, १५५ सेंटिमीटर, ६८ किलोची बाई धरली तर जवळपास १,८००. तिनं ३०० पेक्षा जास्त कापू नयेत, म्हणजे १,५००.

शहरात लिहिलेले तक्ते आपल्याकडे फसतात ते ‘बैठं काम’ या गृहीतामुळे. तोच ८२ किलोचा माणूस खरिपात डवरणी-फवारणीला दिवसभर उभा राहिला तर १.४ ऐवजी १.७ नं गुणावं लागतं आणि गरज २,९०० वर जाते. त्यानं तेव्हाही २,००० च खाल्ल्या तर तूट ४०० ची नाही, ९०० ची झाली. पंधरा दिवसांत स्क्वॉटचं (खांद्यावर बार घेऊन मारायच्या बैठकांचं) वजन घसरतं आणि दोष व्यायामाला दिला जातो. कापूस वेचणीला जाणाऱ्या बायांचंही हेच: १.६ धरा, १,५०० ऐवजी १,७५० पर्यंत जाऊ द्या. हंगाम बदलला की आकडा पुन्हा काढायचा.

आता काट्याकडे. याचं सगळ्यात मोलाचं बटण म्हणजे ‘टेअर’, म्हणजे ठेवलेल्या भांड्याचं वजन शून्य करणारं. तेलासाठी ते असं वापरा: तेलाची बरणी काट्यावर ठेवा, टेअर दाबा, बरणी उचलून फोडणीला तेल घाला, बरणी परत ठेवा. आकडा वजा दिसेल, समजा वजा ४८. म्हणजे ४८ ग्रॅम तेल गेलं, ४३० कॅलरींहून जास्त. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, मग ते फल्ली (शेंगदाणा) तेल असो की सोयाबीनचं. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज जवळपास ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. वांग्याच्या भाजीवर तर्री तरंगली पाहिजे हा आग्रह असलेल्या घरात याहून जास्तच निघतं. तुमची पूर्ण तूट इथेच गडप होते. चौघांच्या भाजीला ४० ग्रॅम तेल पुरतं. चव सांबार (कोथिंबीर), लसूण आणि भाजलेल्या मसाल्यावर सोडा.

दुसरं मोजायचं ते भाकरीचं पीठ. आपली ज्वारीची भाकर मोठी असते, एकीला ८० ते १०० ग्रॅम पीठ जातं. ९० ग्रॅम धरलं तर ३०० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रोटीन. पोळी ३५ ग्रॅम पिठाची, १२० कॅलरी. ‘दोन पोळ्या किंवा दोन भाकरी’ असं लिहिलेला आहाराचा कागद म्हणूनच निरुपयोगी. भाजलेल्या भाकरीत पाणी किती राहिलं हे रोज बदलतं, तेव्हा मोजायचं ते पीठच, तेही कोरडं. पूर्व विदर्भात, जिथे दोन्ही वेळा भात, तिथेही तांदूळ कच्चा मोजा: १०० ग्रॅमला सुमारे ३५०. शिजल्यावर त्याचं वजन अडीच ते तीन पट होतं. शिजलेला भात तोलून कच्च्या तांदळाच्या आकड्यानं गुणला तर अडीचपट खाल्ल्याचा हिशेब येतो आणि माणूस विनाकारण उपाशी राहतो. नवख्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

घरच्या एकत्र स्वयंपाकात आपला वाटा कसा काढायचा, हे बहुतेकांना अडतं. रिकाम्या गंजाचं (पातेल्याचं) वजन एकदा घ्या आणि पक्क्या शाईनं त्याच्या बुडाशी लिहून ठेवा. वरणाला २०० ग्रॅम तूरडाळ आणि १५ ग्रॅम तेल घातलं, तर एकूण ८०० च्या आसपास कॅलरी आणि ४४ ग्रॅम प्रोटीन. शिजल्यावर भरलेला गंज तोला, रिकाम्याचं वजन वजा करा. समजा १,२०० ग्रॅम वरण आलं. तुमच्या ताटात ३०० ग्रॅम आलं तर २०० कॅलरी, ११ ग्रॅम प्रोटीन. हेच वरण पाणी वाढवून दोन लिटरचं केलं तर त्याच वाटीत ६-७ ग्रॅमच राहतात. ‘रोज वरण खातो, प्रोटीन मिळतंच’ ही समजूत इथे तुटते. घोटून घट्ट करा, पाणी नंतर वेगळं प्या.

प्रोटीन किती? ज्या वजनावर यायचं आहे त्या वजनाच्या दर किलोला १.४ ते १.६ ग्रॅम. ८२ वरून ७२ वर येणाऱ्याला १०० ते ११५ ग्रॅम. सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या मुलखात हे गाठायचा सगळ्यात स्वस्त मार्ग सोयावडी: १०० ग्रॅम कोरड्या वडीत ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन, चरबी जवळजवळ नाही. कोरडी ५० ग्रॅम भिजवून, उकळून, पिळली की १५० ग्रॅमच्या आसपास होते. भिजलेली १०० ग्रॅम तोलून ‘पन्नास ग्रॅम प्रोटीन झालं’ असं धरणारे बरेच आहेत. प्रत्यक्षात मिळतं १७. पहिल्या आठवड्यात ३० ग्रॅम कोरडीपासूनच सुरू करा, एकदम वाढवली की पोट गच्च होतं.

८२ किलोच्या त्या माणसाचा दिवस असा बसतो. सकाळी तीन उकडलेली अंडी, एक पोळी, गाईच्या १०० मिली दुधाचा एक चमचा साखरेचा चहा: ४२० कॅलरी, २५ ग्रॅम प्रोटीन. दुपारी ९० ग्रॅम पिठाची एक भाकर, ३०० ग्रॅम घट्ट वरण, १० ग्रॅम तेलातली भाजी, १५० ग्रॅम दही: ७२५ आणि २८. संध्याकाळी व्यायामाच्या तासभर आधी ४० ग्रॅम फुटाणे आणि चहा: २३५ आणि १२. रात्री ५० ग्रॅम कोरड्या वडीची भाजी १२ ग्रॅम तेलात, कांदा-टमाटर घालून, सोबत दोन पोळ्या: ५५५ आणि ३५. बेरीज १,९३५ कॅलरी, १०० ग्रॅम प्रोटीन. अंडी चालत नसतील तर १०० ग्रॅम पनीर घ्या, प्रोटीन तेवढंच, पण कॅलरी पन्नास ते ऐंशीनं वाढतील. व्हेचा (दुधापासून काढलेल्या प्रोटीन पावडरचा) एक स्कूप १२० कॅलरींत २४ ग्रॅम देतो, सोय म्हणून चांगला आहे, पण या ताटाला त्याची गरज नाही.

या हिशेबातून निसटतात त्या उभ्या उभ्या खाल्लेल्या गोष्टी. मूठभर फल्लीदाणे ३० ग्रॅम, १७० कॅलरी. जवसाची चटणी तेल घालून दोन चमचे, शंभरच्या पुढे. दिवसाचे पाच चहा म्हशीच्या दुधाचे आणि दोन-दोन चमचे साखरेचे असले तर सातशेच्या घरात. शेतातल्या रोडगे-वांग्याच्या पंगतीला काटा नेऊ नका. रोडगा तुपात न बुडवता खा, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर या. एका जेवणाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपास धरला की व्यायामाचा दिवस वाया जातो.

आकडा बरोबर बसला की नाही हे शरीर सांगतं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी मागच्या सरासरीशी ताडून पाहा. वजनाच्या अर्धा टक्का घट चांगली, एक टक्क्याच्या वर गेली तर २०० कॅलरी वाढवा, त्याही व्यायामाच्या दिवशी भाकरीतून किंवा भातातून. व्यायाम नवा असताना पहिले दोन-तीन आठवडे स्नायूंत पाणी धरलं जातं आणि वजन अडतं. तेव्हा बेंबीपाशी टेप लावा. कंबर उतरत असेल तर ताटाला हात लावू नका. मे महिन्यात घामानं किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं, त्याला घट समजू नका.

काट्याचे दोष. अगदी हळूहळू, ग्रॅम-ग्रॅम टाकत गेलं तर तो नोंदच घेत नाही. तो बारीक बदल शून्याची चूक समजून पुसतो. म्हणून घालायचं ते एकदम घाला किंवा बरणीची वजा पद्धत वापरा. पाच ग्रॅमच्या आतलं माप, जसं क्रिएटिन (वजनं उचलणारे घेतात ती पावडर), यावर भरवशाचं नाही. त्यासाठी डब्यातला चमचाच ठेवा. परात ठेवली की ती आकड्यांवर येते. मधोमध एक वाटी पालथी घाला, टेअर करा आणि तिच्यावर परात ठेवा. गरम कुकर थेट ठेवला तर प्लास्टिक वाकतं आणि आतला सेन्सर चुकू लागतो. खाली लाकडी पाट हवा. सारवलेल्या जमिनीवर चारही पाय सारखे टेकत नाहीत, तेव्हा ओट्यावर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा. बटणांच्या फटीत तिखट-पीठ जाऊन ती अडकतात, त्यावर पातळ पारदर्शक पिशवी चढवणं हा उपाय पुरेसा आहे. एकक बदलायचं बटण चुकून दाबलं जातं आणि ग्रॅमच्या जागी औंस येतात. आकडा फारच लहान दिसला की आधी तिथे पाहा. वर कायम डबा ठेवून दिला तर सेन्सर दबून कायमचा बिघडतो आणि या किमतीत दुरुस्ती कोणी करून देत नाही. गोल नाणे-सेलवर चालणारा देखणा काचेचा प्रकार टाळा, तो सेल गावात मिळत नाही.

काटा काय सांगू शकत नाही, तेही नीट समजून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कापल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्या. किडनीचा त्रास असेल तर वरचा प्रोटीनचा आकडा तुमच्यासाठी नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचं, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण जास्त आहे. ज्यांना आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना तूट धरायची ना जड वजन उचलायचं. वाहक असणाऱ्यांनीही उन्हात, पाणी न पिता एकदम जोर करू नये. तपासणी झालेली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या.

सगळं कायम तोलत बसायची गरज नसते. दीड-दोन महिन्यांत ९० ग्रॅम पिठाचा उंडा हाताला कळू लागतो. तेल मात्र तोलत राहा, तिथे डोळा लवकर फसतो.

घेताना दुकानातच तपासा. एक किलो मिठाचा बंद पुडा ठेवा, १,००० च्या वर पिशवीचे पाच-दहा ग्रॅम दिसायला हवेत. तोच पुडा ताटलीच्या कडेला सरकवा. आकडा दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त हलला तर दुसरा नग मागा. सेल सोबत दिलेले असले तरी नवे टाकून पाहा, कारण अर्धे उतरलेले सेल असले की चांगला काटाही चुकीचं दाखवतो.