बिलात नवं गिअर ऑइल, प्लगवर गगनबावड्याची माती

जिप्सी, थार नाहीतर जुनी फोर बाय फोर जीप ज्यांच्या दारात आहे, आणि पावसाळा संपला की ती सकाळी गॅरेजला सोडून संध्याकाळी बिल भरून जे घेऊन येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. साध्या छोट्या कारला इंजिन सोडलं तर गिअरबॉक्सचं तेवढं तेल. फोर बाय फोरला इंजिनाशिवाय आणखी चार ठिकाणी तेल असतं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), पुढचं डिफरन्शियल आणि मागचं डिफरन्शियल (एक्सलवरचा गोळा, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा). चारही गाडीच्या पोटाखाली, चिखलानं माखलेली. पँटला डाग पडेल म्हणून मालक तिथं वाकत नाही, हे गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक असतं.

माझी गाडी जिप्सी किंग, 1298 सीसीची. पुढं-मागं सलग एक्सल, चारही कोपऱ्यांत स्प्रिंगचे पाटे. आरामाच्या नावानं बोंब, पण ओढ्यात घातली तर बाहेर येणार याची खात्री. गगनबावड्याच्या पुढं मित्राचं शेत आहे. पावसाळ्यात तिथं जायचं तर दोन ओढे आणि जांभ्याच्या लाल चिखलाची एक चढण पार करावी लागते. त्या मोसमात पाणी हबच्या वरपर्यंत आलं होतं. शिवाय साठच्या आसपास वेग गेला की स्टीअरिंग थरथरायला लागायचं. म्हणून दिवाळीआधी हायवेच्या कडेच्या एका गॅरेजला गाडी दिली. मिस्त्रींना स्पष्ट सांगितलं, 'चारही ठिकाणचं तेल बदला, सगळीकडं ग्रीस मारा आणि थरथर कशानं होते ते बघा.' गॅरेज मोठं, दारात दोन-तीन उंच केलेल्या जीप उभ्या, भिंतीवर ऑफरोडिंगचे फोटो. मिस्त्री बोलायला एकदम गोड.

संध्याकाळी बिल आलं 14,800 रुपयांचं. गिअर ऑइल 9 लिटर, पुढची व्हील बेअरिंग दोन्ही बाजूंची, ग्रीसिंग, लेबर. सोबत कागदात गुंडाळलेली एक गंजलेली, खडखडणारी बेअरिंग हातात दिली. 'ही बघा साहेब तुमची जुनी. थरथर हिच्यामुळंच होती. आता बिनघोर पळवा.'

गाडी थरथरतच घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं अंथरून मी गाडीखाली गेलो. जिप्सी जमिनीपासून एवढी उंच आहे की चाकं न उचलताही सडपातळ माणूस आत सरकू शकतो. डिफरन्शियलला दोन प्लग असतात. खालचा तेल सोडायचा, त्याला ड्रेन म्हणतात. वरचा, बाजूला असतो तो तेल भरायचा फिलर. मागचा ड्रेन प्लग पुसून लख्ख केलेला होता, भोवती तेलाचा ओला हातही फिरवलेला. फिलर प्लग मात्र जसाच्या तसा. त्याच्या खोबणीत आणि भोवतीच्या कडेला लाल माती वाळून घट्ट बसलेली, सबंध कडं अखंड, कुठंही तडा नाही. नखानं खरवडली तर खपली निघाली आणि तिच्यात गवताची एक काडी सापडली. पुढच्या डिफरन्शियलचीही तीच गत. फिलर न उघडता तेल भरायची सोय ही गाडी बनवणाऱ्यांनी ठेवलेली नाही.

आधी फोटो काढले, तारीख-वेळ दिसेल असे. मग पाना लावला. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, पहिला फिलर उघडायचा, ड्रेन नंतर. उलट केलं, तेल सोडून दिलं आणि फिलर जाम निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. मागचा फिलर बऱ्याच जोरानं निघाला. मग खाली परात ठेवून ड्रेन सैल केला. गाडी रात्रभर उभी होती, त्यामुळं तळाशी बसलेलं पाणी आधी बाहेर आलं, चमचा-दोन चमचे, जवळजवळ स्वच्छ. त्यामागून तेल आलं ते दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं. नवं 80 डब्ल्यू 90 ग्रेडचं गिअर ऑइल मधासारखं पारदर्शक असतं, मागचं बोट दिसतं. हे चिमटीत चोळलं तर बोटांवर चकचकीत भुकटी राहिली.

पाणी आत कसं जातं, तेही सांगतो, कारण 'गाडी पाण्यात घातलीत ना, मग असं होणारच' हे मला नंतर तोंडावर फेकण्यात आलं. पळून पळून डिफरन्शियल तापतं, आतली हवा फुगते. तशाच गरम अवस्थेत एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि आत ओढ लागते. ही ओढ भागवायला एक्सलवर करंगळीच्या पेराएवढी टोपी असते, ब्रीदर. ती चिखलानं बुजली असेल तर हवा सीलमधून आत यायला बघते, आणि सीलच्या बाहेर त्या वेळी पाणी असतं. म्हणून ओढ्यात घालायच्या आधी ब्रीदरची टोपी मोकळी हलते का ते बघावं. जमलं तर तिथं रबरी नळी जोडून तिचं तोंड वर बॉनेटखाली न्यावं. खर्च शे-दोनशे रुपयांचा. आणि पाण्यातून आल्यावर लगेचच्या आठवड्यात तेल बघावं. पाणी मिसळलेल्या तेलावर पळवत राहिलं की पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलमधल्या लहान गिअरच्या, बेअरिंगला गंज धरतो आणि मागून किंचाळल्यासारखा आवाज सुरू होतो. माझ्या गाडीचा तो आवाज सुरू झालाच. तेल त्याच दिवशी खरंच बदललं असतं तर ही वेळ आली असती का, याचं उत्तर कुणीही जाणकार मिस्त्री देईल.

आता ते 9 लिटर. जिप्सीच्या मॅन्युअलच्या हिशेबानं गिअरबॉक्सला साधारण 1.3 लिटर, ट्रान्सफर केसला 0.8, पुढच्या डिफरन्शियलला 2 आणि मागच्याला 1.5. बेरीज 5.6. चारही कोरडी करून काठोकाठ भरली तरी सहा लिटरच्या वर तेल मावत नाही. उरलेलं तीन-साडेतीन लिटर कुठं गेलं, हा प्रश्न मी विचारला तेव्हा मिस्त्री म्हणाले, 'साहेब, थोडं सांडतं.' थोडं! तुमच्या गाडीचे हे चार आकडे डॅशबोर्डच्या खणात कागदावर लिहून ठेवा, बिल हातात पडल्यावर बेरीज करायला अर्धा मिनिट लागतो.

बेअरिंगची गोष्ट त्याहून मजेशीर आहे. ती गंजकी बेअरिंग घेऊन मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्या काकांकडं गेलो. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कडेवरची घाण अंगठ्यानं पुसली आणि नंबर वाचला, 6205.

'हे कशाचं म्हणून दिलं तुला?'

'जिप्सीच्या पुढच्या चाकाचं.'

'शेवटचे दोन आकडे घे. शून्य पाच. पाचानं गुण.'

'पंचवीस.'

'म्हंजे भोक पंचवीस मिलिमीटरचं. आता तुझ्या गाडीचं बघ. चाकाची बेअरिंग बसते स्पिंडलवर. स्पिंडल पोकळ, त्याच्या पोटातनं तुझा एक्सल जातो. आत एक्सल, त्यावर स्पिंडलची भिंत, त्यावर बेअरिंग. पंचवीसमध्ये हे सगळं मावतंय का सांग बघू?' आणि मग स्वतःशीच हसत, 'असली बेअरिंग पंपाच्या मोटरीत असत्यात. कुणाची तरी विहीर बंद पडली असंल.'

हा पाचानं गुणायचा हिशेब साध्या गोळ्यांच्या बहुतेक बेअरिंगना लागू पडतो, शेवटचे आकडे 04 पासून पुढं असले की. इंची मापाच्या टेपर रोलर बेअरिंगचे नंबर वेगळ्या पद्धतीचे असतात, तिथं तो वापरायला जाऊ नका. पण जुना पार्ट म्हणून जे हातात मिळतं त्याच्यावर नंबर असतो आणि तो स्पेअरच्या दुकानात दाखवला की कशाचा ते दोन मिनिटांत कळतं. नव्या पार्टचं रिकामं खोकंही मागायचं. खोकं नाही, नंबर जुळत नाही, म्हणजे काम झालेलं नाही असं मी तरी धरतो.

मग थरथर कशाची होती? ते घरीच कळलं. पुढचं एक चाक जॅकवर उचललं, मागच्या चाकांना दगड लावले, एक्सलखाली स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात-पाय आत घालू नका. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवलं, तर खट खट वाजत होतं. एवढं ऐकून कुणीही 'बेअरिंग गेली' म्हणेल आणि त्या गॅरेजनं तेच म्हटलं. बायकोला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि चाक परत हलवलं. खट खट तशीच. ब्रेक दाबला की चाक, डिस्क आणि नकल (स्टीअरिंगबरोबर वळणारा, चाक धरणारा भाग) एकमेकांना बांधली जातात. खेळ व्हील बेअरिंगमध्ये असता तर तो थांबायला हवा होता. थांबला नाही म्हणजे खेळ, नकल ज्यांवर वळते त्या वरच्या-खालच्या किंगपिन बेअरिंगमध्ये आहे. हा जिप्सीचा जुनाच आजार. थरथर म्हटलं की आधी टायरचं बॅलन्सिंग आणि मग किंगपिन, हे जिप्सीवर काम केलेल्या कुठल्याही पोऱ्याला माहीत असतं. पुढं दुसऱ्या एका मिस्त्रींनी माझ्यासमोर नकल उघडली, किंगपिन बेअरिंग बदलल्या, शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून-घालून घट्टपणा जुळवला. थरथर गेली. व्हील बेअरिंग काढून दाखवल्या, चांगल्या होत्या आणि कित्येक वर्षांत कुणी हात लावलेल्या नव्हत्या, जुनं ग्रीस काळं पडलेलं.

ग्रीसिंगचंही तेच. जिप्सीला गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर केसपर्यंत एक, पुढं एक आणि मागं एक असे ताकद नेणारे तीन प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे त्यांच्या टोकांच्या सांध्यांचे सहा क्रॉस. ज्या क्रॉसला ग्रीस भरायचं निपल आहे तिथं ग्रीस गन लावून दाब दिला की जुनं ग्रीस सीलच्या कडेनं बाहेर येतं, नवं दिसायला लागलं की थांबायचं. माझ्या निपलांवर चिखलाच्या टोप्या होत्या. एकाही ठिकाणी ग्रीसचा थेंब नाही.

हे सगळं घेऊन मी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींचं पहिलं उत्तर, 'आमच्याकडं मशीन आहे, आम्ही खालनंच तेल भरतो.' मी म्हटलं, दाखवा मशीन. ते दुसऱ्या शाखेत निघालं. बेअरिंगबद्दल विचारल्यावर 'पोऱ्यानं चुकून दुसऱ्या गाडीची दिली.' मग माझी जुनी कुठं? 'भंगारात गेली.' शेवटी आवाज चढला, 'एवढं कळतंय तर स्वतःच करायचं होतं की साहेब.' सल्ला म्हणून वाईट नाही, आता तेच करतो.

मी भांडत बसलो नाही. फोटो, बिलाची प्रत, दुसऱ्या मिस्त्रींचं लेखी म्हणणं आणि मॅन्युअलमधलं तेलाच्या मापाचं पान जोडून रजिस्टर्ड पोस्टानं पत्र पाठवलं, पंधरा दिवसांची मुदत देऊन. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करून तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडं करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत मात्र घटना घडल्यापासून दोन वर्षांची. पक्कं बिल हवं. 'बिल नको, दोन हजार कमी करतो' म्हणणाऱ्याला त्या दोन हजारांत तुमचा सगळा पुरावा विकत मिळतो.

आता गाडी कुठंही देण्याआधी मी चारही फिलर प्लगवर नेलपॉलिशची एक रेघ मारतो, अर्धी प्लगवर आणि अर्धी केसिंगवर. प्लग फिरला की रेघ तुटते, पुन्हा तशीच जुळवून बसवणं जवळपास अशक्य. रंग जरा भडक निवडावा, मुलीचा मोरपंखी छान दिसतो. आणि तेल बदलायचंच असेल तर तेलाचे सीलबंद डबे स्वतः नेतो, ते समोर उघडायला लावतो. बहुतेक मिस्त्री हसतात. चांगले मिस्त्री स्टूल देतात आणि चहा सांगतात.

पत्र मिळाल्यावर गॅरेजनं तेलाचे आणि बेअरिंगचे पैसे परत केले, ऑनलाइन, काही न बोलता. लेबरचे पैसे आणि पिनियन बेअरिंगचा खर्च द्यायला तयार नाहीत, त्यासाठी आयोगाकडं अर्ज केलाय. मध्यंतरी त्यांचा एक माणूस घरी येऊन गेला. हिशेब मिटला म्हणाला, तेवढी ती जुनी बेअरिंग परत द्या. दिली नाही.