देवनागरी हातासाठी वही, निब आणि पेन्सिल: दिवाळीपासून श्रावणापर्यंतचा वापर

एक शाईपेन, चांगल्या कागदाच्या वह्या आणि दोन-तीन पेन्सिली, एवढ्यावर माझं सगळं लिखाण दिवाळीपासून चाललं आहे. एकांकिकांचे खर्डे, मुलांच्या गोष्टी, रोजची टिपणं, मधूनच एखादं रेखाटन. आता श्रावण लागलाय, म्हणजे थंडी, मे महिना आणि अर्धा पावसाळा या सामानाने काढला. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय. मराठी लिहिणाऱ्याने पैसे आधी कागदावर घालावेत, मग निबेवर, आणि पेनाच्या देखणेपणावर सगळ्यात शेवटी. शिवाय या वस्तूंबद्दल आपण जे वाचतो-ऐकतो ते बहुतेक इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या हाताचं असतं, ते जसंच्या तसं उचलू नये. आपल्या अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, पोटात जोडाक्षरं, आणि डोक्यावर रेघ. या अक्षराला लागणारी जागाही वेगळी आणि शाईही वेगळी.

सुरुवात ओळींच्या अंतरापासून करते, कारण याचा विचार दुकानात कोणीच करत नाही. हल्ली ठिपक्यांच्या वह्या फार खपतात. त्यात दोन ठिपक्यांमधलं अंतर बहुधा ५ मिलिमीटर असतं. एका घरात मराठीची एक ओळ बसवली की वरच्या ओळीतला ‘पू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘र्ती’च्या डोक्यावर येऊन बसतो. दोन घरं सोडली तर १० मिलिमीटर होतात आणि पान बघता बघता संपतं. मला ८ मिलिमीटर अगदी नेमकं वाटतं. शाळेची साधी एकरेघी वही याच्या आसपास असते, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं गिरवून आपला हातही त्याच मापाला बसलेला असतो. कोरी वही आवडत असेल तर पानाखाली ठळक काळ्या रेघांचा कागद सरकवून लिहिता येतं, फक्त त्यासाठी कागद जरा पातळ हवा. १०० जीएसएमच्या जाडसर पानातून खालच्या रेघा नीट दिसत नाहीत.

आता जीएसएम. हे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बाकी काही नाही. शाई फुटेल की नाही हे त्यातून कळत नाही. ते ठरतं कागदाला खळ कशी दिली आहे त्यावर. कापडाला खळ देतात तशी कागदाच्या तंतूंनाही खळ लागते. ती नीट बसली असेल तर शाई वर राहून सुकते, नसेल तर तंतू शाई ओढून घेतात आणि प्रत्येक रेघेला बारीक केस फुटतात. जपानचा तोमोए रिव्हर हा कागद मुळात ५२ जीएसएमचा, वर्तमानपत्रासारखा हलका, तरी त्यावर शाई फुटत नाही म्हणून जगभर नावाजला गेला. याउलट १०० जीएसएमची, चामडी पुठ्ठ्याची, बऱ्यापैकी महाग अशी एक वही मी हौसेने आणली होती. तिच्यावर चौथ्या ओळीपासूनच शाई मागच्या पानावर उमटायला लागली. ती आता पेन्सिलीसाठी ठेवली आहे. सध्या वापरते ती ८० जीएसएमची, शिवलेल्या बांधणीची. उघडली की सपाट पडते, डावं पानही उजव्याइतकंच सुखाने लिहिता येतं, आणि मधली पानं अजून एकही सुटलेली नाहीत. वायरच्या वह्यांत डाव्या पानावर मनगटाला तार टोचत राहते. लांबलचक खर्डा लिहिणाऱ्याने तिकडे वळूच नये.

पावसाळ्यात मात्र याच वहीचं वागणं बदललं. आषाढात आमच्याकडे डोंबिवलीत आठवडाभर सूर्य दिसला नाही, तेव्हा पानं हाताला मऊ लागायला लागली, शाई सुकायला वेळ घ्यायला लागली आणि शिरोरेघेच्या टोकाशी किंचित फुटायलाही लागली. कागद हवेतला ओलावा घेतो, त्याला इलाज नाही. वही प्लॅस्टिकच्या बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवल्यावर बराच फरक पडला. टीपकागद पुन्हा घरात आला. मला तर तो एरवीही आवडतो; उलट्या अक्षरांनी भरत जाणारा टीपकागद टाकवत नाही.

निबेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. पेनासोबत मध्यम निब आली होती. इंग्रजी सही तिने झोकात व्हायची. पण ‘तीक्ष्ण’ लिहून बघा. ‘क्ष’ची गाठ आणि ‘ण’च्या दोन दांड्या, मध्ये कागदाचा पांढरा ठिपका राहिला तरच तो शब्द वाचता येतो. मध्यम निबेने तो ठिपका बुजायचा. ‘उद्ध्वस्त’मध्ये तर ‘द्ध्व’चा नुसता निळा गोळा. मग बारीक निब बसवून घेतली आणि अक्षर एकदम मोकळं झालं. साधारण अनुभव असा की जपानी बारीक निब युरोपातल्या बारीक निबेपेक्षा एक पायरी अधिक बारीक निघते. ज्यांचं अक्षर लहान आहे त्यांनी जपानी बघावी, माझ्यासारखं टपोरं असेल तर युरोपीय पुरे. चपट्या टोकाच्या, म्हणजे स्टब निबेचाही मोह झाला होता. तिने उभी रेघ जाड येते आणि आडवी बारीक, त्यामुळे शिरोरेघच नेमकी अशक्त दिसते आणि शब्द विस्कटल्यासारखे वाटतात. शुभेच्छापत्रावर ती शोभून दिसते, रोजच्या मजकुराला नाही.

बालबोध, म्हणजे देवनागरी, लिहिताना हात सारखा उचलावा लागतो, हेही निबेच्या निवडीत धरायला हवं. मोडी लिपीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिला अक्षरं लटकवत हात न उचलता पुढे जायचे. आपण शब्द लिहून वरून रेघ देतो, म्हणजे प्रत्येक शब्दाला एकदा मागे फिरून डावीकडून उजवीकडे निब ओढायची. त्या क्षणी जी निब कोरडी पडते ती मराठीला उपयोगाची नाही. म्हणून निब बारीक हवी, पण शाईला सढळ हवी. कारागिराने निबेच्या दोन पाकळ्यांमधली फट अगदी केसभर मोकळी करून दिली आणि तेवढ्याने माझं काम झालं. जिथे असं बसून करून देतात तिथूनच पेन घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी चालेल.

पेन एबोनाइटचं आहे, लेथवर हाताने घडवलेलं. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून तापवून कडक केलेला पदार्थ; नेल्सन गुडइयरने त्याचं पेटंट १८५१ साली घेतलं. नवं असताना टोपण काढलं की गंधकाचा हलका वास यायचा, तो होळीपर्यंत गेला. हातात ते थंड लागत नाही, घामाने निसटत नाही, तासभर लिहून बोटं दुखत नाहीत. निबेखालची जीभही एबोनाइटचीच, ती शाई छान धरून ठेवते. नळीतच ड्रॉपरने शाई भरायची. शाईच्या साध्या छोट्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) जेमतेम पाऊण मिलिलिटर मावते, यात तीनच्या आसपास. एकांकिकेचा एक अख्खा प्रवेश एका भरण्यात होतो. उणी बाजूही सांगते. नळीत शाई कमी झाली की वरची हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला खाली ढकलते. मे महिन्यात एका स्वच्छ लिहिलेल्या पानावर असा टपोरा थेंब पडला होता. तेव्हापासून शाई एक तृतीयांशाच्या खाली गेली की भरून टाकते. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट वर्षातून दोनदा लावायचं, आणि पेन खिडकीत ठेवायचं नाही, उन्हाने एबोनाइटचा काळा रंग तपकिरी पडतो.

शाई मी शाळेपासूनची, उंटाचं चित्र असलेली वापरते. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून सुरुवात केली, तीच पुढे कॅमलिन झाली. आजही ही दौत गल्लीतल्या दुकानात मिळते, आणि रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याला याचं मोल फार आहे. निळी धुता येणारी शाई कोणाचीही असो, पाणी पडलं की पुसट होते आणि उजेडाने विटते, म्हणून ठेवायचा मजकूर मी काळ्या, पाण्याला टिकणाऱ्या शाईपेन-शाईनेच उतरवते. मात्र चित्रकलेची लाखयुक्त वॉटरप्रूफ शाई शाईपेनात कधीही घालू नका, आत वाळली की पेन गेलंच.

लोकलमध्ये पेन बाहेर काढत नाही. तिथे पेन्सिल. ठाणे सुटलं की जरा कोपर टेकायला जागा होते आणि गुडघ्यावरच्या छोट्या वहीत संवाद सुचतील तसे उतरवते. धक्का बसला तर पेन्सिलीची रेघ फक्त वाकडी होते. ग्रॅफाइट पाण्याने ओघळत नाही, उजेडाने विटत नाही, म्हणून गळक्या खिडकीशेजारी तर तीच हवी. ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळून पेन्सिल कमी-जास्त कडक करण्याची युक्ती फ्रान्सच्या कॉन्तेने १७९५ साली पेटंट केली, एचबी आणि टू-बीतला फरक आजही त्याच मिश्रणाचा. टू-बी गडद आणि मऊ, पण समोरच्या पानावर काळं उमटतं. लिहायला एचबी, रेखाटायला टू-बी, असं मी वाटून घेतलंय. नटराज आणि अप्सरा या दोन्ही हिंदुस्थान पेन्सिल्सच्या, कंपनी १९५८ची, आणि मला दोन्ही मनापासून आवडतात. आपल्याकडच्या पेन्सिलींचं बरंचसं लाकूड काश्मीरमधल्या पुलवामाच्या पॉप्लरचं असतं. ब्लेडने सावकाश तासली की लांब टोक निघतं आणि ते शार्पनरच्या टोकापेक्षा जास्त वेळ लिहितं. रेखाटनाला कागद खरखरीत हवा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. तिथल्या कागदावर टू-बी फिरवताना दाणा बोटांना जाणवतो, तो अनुभव गुळगुळीत पानावर नाही.

कोणी घ्यावं हे सांगायचं तर, दिवसाला पानभर तरी लिहिणार असाल तरच शाईपेन. पंधरा दिवस पडून राहिलं तर शाई सुकते आणि दर वेळी धूत बसावं लागतं. त्यापेक्षा चांगली वही आणि एचबी पेन्सिल कितीतरी बरी. वही घेताना आपलं पेन सोबत न्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात एका दुकानदाराने स्वतःहून पान पुढे केलं, ‘ताई, लिहून बघा आणि मगच घ्या’ म्हणाले. तिथे ‘तीक्ष्ण’, ‘उद्ध्वस्त’ आणि एक लांब शिरोरेघ काढायची, थोडं थांबायचं, पान उलटून मागची बाजू बघायची. मागे काही उमटलं नसेल तर एकदम तीन-चार वह्या घेऊन ठेवा, कारण पुढच्या खेपेला तोच कागद मिळेल याची खात्री नसते.