ईमेल पत्त्याची पडताळणी: रेजेक्स की पुष्टीची लिंक?

नोंदणीच्या फॉर्मवर ईमेल पत्ता कडक रेजेक्सने (मजकुराचा साचा जुळतो का हे तपासणाऱ्या सूत्राने) तपासावा की त्या पत्त्यावर पुष्टीची लिंक पाठवावी, या पेचात एक सहकारी आहे.

अचूकतेत रेजेक्स फारच तोकडा पडतो. आरएफसी ५३२२ नुसार (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज) ‘ॲट’च्या (@) आधीच्या भागात अधिकचे चिन्ह व अपॉस्ट्रॉफी चालतात, एवढेच नव्हे तर दुहेरी अवतरणचिन्हांत मोकळी जागाही चालते, २०१२ च्या आरएफसी ६५३१ ने तर देवनागरी पत्त्यांनाही वाट करून दिली. कडक रेजेक्स असे खरे पत्ते नाकारतो आणि ‘जीमेल डॉट कॉन’ हा उघड चुकीचा पत्ता मात्र बिनदिक्कत स्वीकारतो. पत्त्यावर टपाल पोहोचते आणि ते अर्जदाराच्याच हाती पडते, हे केवळ लिंकवरील क्लिकने कळते.

खर्च व वेग यांत रेजेक्स सरस आहे, कारण तो फुकट आणि तत्काळ उत्तर देतो. लिंकसाठी मेल सेवा लागते, मेल स्पॅममध्ये अडकते, आणि कोणी परक्याच्या पत्त्यावर मेलचा भडिमार करू नये म्हणून विनंत्यांवर मर्यादाही घालावी लागते.

देखभालीत रेजेक्स पुन्हा मागे पडतो: पत्त्यातील शेवटच्या ‘डॉट’नंतरचा भाग दोन ते चार अक्षरांचाच मानणारे जुने नियम ‘डॉट म्युझियम’ला अडवतात, आणि ग्राहक मुकाट्याने निघून जातो.

पासवर्ड बदलणे किंवा बिले पाठवणे जिथे ईमेल पत्त्यावर अवलंबून आहे, तिथे लिंकच हवी. एकदाच उत्तर द्यायच्या चौकशी फॉर्मला ‘ॲट’ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी मजकूर, एवढी सैल तपासणी पुरते.