एका बस ड्रायव्हरचा अभिप्राय: पन्नाशीनंतरची सकाळची बॅच

इथली पन्नाशीनंतरची बॅच लावून मला वर्ष होत आलं. ओळखीचे लोक सारखं विचारतात की या वयात जिम कशाला आणि ही जागा कशी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी नोकरी मुंबईत बस चालवण्यात गेली, त्यातली बरीच वर्षं डबलडेकरवर. रिटायर झाल्यावर तपासणी केली तर तीन महिन्यांची साखर ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, डायबिटीस नाही, पण उंबरठ्यावर आहात. वजन ६४ किलो, पोटही फारसं सुटलेलं नाही, त्यामुळे घरात कोणाला हे खरंच वाटेना.

पहिल्या दिवशी इथे मला वजनकाट्यावर उभं केलंच नाही. बीपी मोजलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते लिहून घेतलं, चालताना छातीत कधी दुखतं का विचारलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणून परत पाठवलं. चिठ्ठीशिवाय ते या बॅचला कोणालाच घेत नाहीत. काही जणांना हा त्रास वाटतो. माझा तर तिथेच विश्वास बसला. चिठ्ठी आणल्यावर दोन गोष्टी बघितल्या: मुठीची पकड, आणि खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं. एवढी वर्षं स्टिअरिंग धरल्यामुळे पकड चांगली निघाली. उठताना मात्र मांड्या थरथरायला लागल्या.

मी ड्रायव्हर होतो हे कळल्यावर बॅच घेणाऱ्या सरांनी लंडनच्या बसची गोष्ट सांगितली. मुलीकडून मी ती नंतर नीट वाचून घेतली. डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या डबलडेकरवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ मध्ये ती छापली. गाडी एक, डेपो एक, पण हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त. कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत होता, ड्रायव्हर बसून होता. ट्रॅफिकच्या ताणामुळे असेल, अशी शंका निघाली, तर त्यांनी टपालखातं बघितलं. तिथेही घरोघरी पत्रं वाटणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे निघाले. मग युनिफॉर्मच्या मापांवरून कमरेचा घेर काढला. ड्रायव्हरांच्या पँटी मोठ्या होत्या हे खरं, पण कंबर बारीक असो की जाड, अचानक हृदयविकाराने दगावण्याचं प्रमाण कंडक्टरांतच कमी होतं. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गाडीचा जिना आणि त्यावरून दिवसभर वरखाली करणारा माझा जोडीदार होता.

आपल्याकडच्या बारीक माणसांसाठी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण सर देतात. ते आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बीएमआयच्या हिशोबाने दोघे सारखेच! म्हणून इथे वजनाऐवजी दम आणि ताकद वाढवण्यावर भर असतो. मला ही जागा आवडते ती नेमकी यासाठी. बाकी ठिकाणी चौकशी केली तिथे "काका, किती किलो कमी करायचंय?" हाच पहिला प्रश्न होता.

आता प्रत्यक्ष बॅच. सोमवार आणि शुक्रवार ताकदीचे: खुर्चीवरची उठबस, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्टा ओढणं, हलके डंबेल. बुधवारी पायऱ्या. गुडघ्याच्या बऱ्याच खाली येईल असा लाकडी ठोकळा, त्यावर चढ-उतार. सर सगळ्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावतात. मोजता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येईल इतकं सोपं वाटता कामा नये, हे त्यांचं माप. कोणाचा आवाज तुटायला लागला की त्याला ठोकळ्यावरून उतरवून जागच्या जागी चालायला लावतात. माझ्या शेजारच्या मावशी सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी निम्म्या उंचीचा वेगळा ठोकळा आहे आणि भिंतीजवळची जागा ठरलेली आहे.

तीन दिवस आलात म्हणजे झालं, असं ते कधीच म्हणत नाहीत. आठवड्याला किमान १५० मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण फळ्यावर लिहिलेलं आहे. कमी पडतं ते चालणं आपलं आपण भरायचं. जेवण झाल्यावर चाला, असा त्यांचा आग्रह असतो, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो.

फरक पडला का? साखर ५.८ वर आली. वजन जेमतेम किलोभर उतरलं. रात्रीचा भात निम्म्यावर आणलाय, तेव्हा सगळं श्रेय मी बॅचला देणार नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासातही आहार आणि व्यायाम दोन्ही होते: उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये डायबिटीस होण्याचा धोका तेवढ्याने २८.५ टक्के कमी झाला, मेटफॉर्मिन या डायबिटीसच्या गोळीने २६.४ टक्के. गोळी चालू असलेल्यांनी मात्र ती मनाने बंद करू नये, हे सरही बजावतात.

तक्रारी आहेत. मे महिन्यात हॉलमध्ये हवाच खेळत नाही, एक्झॉस्ट लावायलाच हवा. बायकांची कपडे बदलायची खोली फारच अडचणीची आहे. सर रजेवर गेले की बदली येणारा मुलगा तरुणांच्या वेगाने घेतो. एकदा एका काकांना गरगरलं. पन्नाशीपुढच्या माणसांना कसं सांभाळायचं ते त्याला आधी शिकवा आणि मगच बॅच द्या. हे मालकांना मी तोंडावरही सांगितलंय.

फी महिन्याला ७०० रुपये, तीन महिन्यांची एकदम भरायची सक्ती नाही. यायचं असेल तर रबरी तळाचे बूट आणा, गोळ्यांची यादी सोबत ठेवा आणि सकाळी साडेनऊनंतर या, त्या वेळी सर मोकळे असतात.